वायरलेस व्हिडिओ आणि घरचं थिएटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरोघरी प्रोजेक्टर आणि होम थिएटर बसवून देण्याच्या कामामुळे रोज निरोप येतात, आणि त्यांतले निम्मे एकाच ओळीचे असतात: "टीव्हीपर्यंत वायर नको, काय घेऊ?" या ओळीत निदान चार वेगळे प्रश्न दडलेले असतात. म्हणून ही उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वायरलेस एचडीएमआय, कास्टिंग, मिररिंग हे सगळं एकच ना?

नाही, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

कास्टिंगमध्ये फोन व्हिडिओ पाठवतच नाही. वाण्याला यादी द्यावी आणि त्याच्या पोऱ्यानं सामान थेट घरी टाकावं, तसा हा प्रकार. फोन टीव्हीला फक्त "अमुक व्हिडिओ लाव" एवढं सांगतो आणि टीव्ही तो इंटरनेटवरून स्वतः ओढून घेतो. म्हणूनच कास्ट केल्यावर फोन खिशात टाकला, त्यावर कुणाचा कॉल आला, तरी सिनेमा चालू राहतो.

मिररिंगमध्ये फोनचा किंवा लॅपटॉपचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर उमटतो. यात फोनला प्रत्येक चित्र दाबून लहान करावं लागतं, हवेतून पाठवावं लागतं, आणि टीव्हीला ते पुन्हा उलगडावं लागतं. फोन तापतो, बॅटरी उतरते आणि चित्र थोडं मागे पडतं.

एचडीएमआय म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणारी टीव्हीची वायर. वायरलेस एचडीएमआय म्हणजे दोन डब्यांची जोडी. एक सेट-टॉप बॉक्सच्या किंवा प्लेअरच्या एचडीएमआय सॉकेटला लावायचा, दुसरा टीव्हीच्या. मधली वायर तेवढी गायब होते. याला राउटर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही.

२. मला यातलं नेमकं काय लागेल हे कसं ठरवू?

दुकानात जायच्या आधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: मला जे बघायचंय ते येतंय कुठून?

इंटरनेटवरून येत असेल, म्हणजे यूट्यूब, नेटफ्लिक्स, जिओहॉटस्टार वगैरे, तर घरातल्या घरात व्हिडिओ पाठवायची गरजच नाही. पडद्यापाशी जे यंत्र आहे त्यालाच इंटरनेट द्या. स्मार्ट टीव्ही असेल तर तोच, नाहीतर एक स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे एचडीएमआय सॉकेटात खोचायचं, ही ॲप चालवणारं छोटं यंत्र. लोकांच्या घरी जाऊन पाहिलं तर दहांपैकी आठ घरांचा प्रश्न इथेच संपतो, आणि वायरलेस एचडीएमआयचे पैसे वाचतात.

फोनमधले लग्नाचे फोटो, लॅपटॉपवरचं प्रेझेंटेशन असं अधूनमधून दाखवायचं असेल तर मिररिंग पुरेसं आहे.

सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर, गेमचं यंत्र यांसारखी वस्तू एकीकडे आणि पडदा दुसरीकडे असेल, आणि मधली भिंत फोडता येत नसेल, तेव्हाच वायरलेस एचडीएमआयचा विचार करा. जी वस्तू पुढची दहा वर्षं हलणार नाही तिला वायरच द्यावी, हे माझं मत आहे. कामाचा वेळ वाचवण्यापुरतं वायरलेस लावून दिलेल्या घरांतून मला पुन्हा बोलावणं येतं.

३. टीव्ही स्मार्ट आहे. मग आणखी काही घ्यायचं कारण काय?

बहुतेक वेळा काहीच नाही. टीव्ही पाच-सहा वर्षांचा झाला की मात्र त्याचं सॉफ्टवेअर मागे पडतं आणि ॲप उघडायला चहा करून होईपर्यंत वेळ लागतो. पडदा उत्तम असतो, मेंदू म्हातारा झालेला असतो. अशा वेळी टीव्ही बदलू नका, स्टिक लावा.

प्रोजेक्टरवाल्यांनी आणखी एक पाहावं. अनेक स्वस्त प्रोजेक्टरांत अँड्रॉइड असतं, पण नेटफ्लिक्सचा परवाना नसतो. ॲप एकतर मिळत नाही किंवा मिळालं तरी चित्र धूसर येतं. तिथेही उपाय स्टिकचाच. ती प्रोजेक्टरच्या यूएसबीवर चालवू नका. बऱ्याच यूएसबी सॉकेटांतून अर्धा ॲम्पिअरच मिळतो, स्टिकला साधारण एक लागतो. सिनेमा मध्येच बंद पडून स्टिक पुन्हा सुरू होते यामागे नव्वद टक्के वेळा हेच असतं. तिच्याबरोबर आलेला चार्जर वापरा.

४. दीड हजारात "४के वायरलेस एचडीएमआय डोंगल" मिळतंय. घेऊ का?

आधी पेटी नीट पाहा. त्यात एकच तुकडा आहे की दोन? एकच असेल तर ते वायरलेस एचडीएमआय नव्हे, साधा मिररिंगचा रिसीव्हर आहे. तो टीव्हीला लागतो आणि फोनकडून येणारं चित्र पकडतो. सेट-टॉप बॉक्सचं चित्र त्यानं पाठवता येत नाही. वायरलेस एचडीएमआयमध्ये पाठवणारा आणि घेणारा असे दोन तुकडे असतातच.

आता "४के", म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र. स्वस्त डोंगलमध्ये याचा अर्थ बहुधा एवढाच, की आत आलेलं १०८० ओळींचं, म्हणजे फुल एचडी, किंवा त्याहूनही कमी तपशिलाचं चित्र बाहेर पडताना ताणून ४के केलं जातं. ताणलेल्या चित्रात नवा तपशील येत नाही. पेटीवर ४केपुढे ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं, लिहिलंय की ६०, तेही पाहा. ३० वर सिनेमा ठीक दिसतो, कारण तो मुळात सेकंदाला २४ चित्रांचा असतो. क्रिकेटमध्ये मात्र चेंडू टप्प्याटप्प्यानं उड्या मारत गेल्यासारखा दिसतो.

पाहुण्यांना फोटो दाखवायला असं डोंगल चालेल. होम थिएटरसाठी नको.

५. "४के हवेतून जाऊच शकत नाही" असं दुकानदार म्हणाला. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. हिशेब करून बघू.

१०८० च्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं धरली तर सेकंदाला जवळजवळ ३ अब्ज बिट होतात, म्हणजे ३ गिगाबिट. ४केत ठिपके चौपट, म्हणून १२ गिगाबिट. घरातल्या साध्या वाय-फायवर प्रत्यक्षात काहीशे मेगाबिट मिळाले तरी आपण खूश असतो. तेव्हा कच्चं, न दाबलेलं ४के साध्या वाय-फायवरून जाणार नाही, हे दुकानदाराचं बरोबर.

पण नेटफ्लिक्स तेच ४के दाबून पाठवतं आणि त्यासाठी १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरतं असं सांगतं. बारा गिगाबिटच्या तुलनेत हे आठशेपट कमी झालं. दाबण्याचं काम त्यांनी त्यांच्याकडे आधीच, सवडीनं आणि ताकदवान यंत्रांवर करून ठेवलेलं असतं. तुमचा डोंगल तेच काम क्षणार्धात, काडेपेटीएवढ्या चिपवर करायला जातो. म्हणून एकच सिनेमा टीव्हीच्या ॲपवर सुंदर दिसतो आणि मिरर केला की अंधाराच्या दृश्यात चौकोन चौकोन दिसायला लागतात.

न दाबलेलं किंवा अगदी थोडं दाबलेलं चित्र पाठवणारी ६० गिगाहर्ट्झची साधनंही आहेत. त्यांच्याबद्दल प्रश्न १९ पाहा.

६. आमच्या नव्या फ्लॅटमध्ये हॉलमधलं वाय-फाय बेडरूमपर्यंत पोचत नाही. जुन्या घरी पोचायचं. असं का?

नव्या इमारतींत हा प्रश्न वाढलाय, आणि त्याचं कारण बहुतेकदा राउटर नसतो, भिंत असते. मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच टॉवरांत मायवान पद्धतीनं बांधकाम होतं. ॲल्युमिनियमचे साचे लावून स्लॅब आणि भिंती एकत्रच काँक्रीटमध्ये ओततात. त्यामुळे आतल्या खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या असतात आणि त्यांच्या पोटात लोखंडी सळ्यांची जाळी असते. जुन्या घरात खोल्यांमधली भिंत चार इंची विटेची होती, तिच्यातून वाय-फायच्या २.४ आणि ५ या दोन मुख्य पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झची लहर थोडी दमून का होईना, पार व्हायची. काँक्रीट आणि जाळीपुढे तिचा निभाव लागत नाही.

दुसरे चोर घरातच असतात: आरसे लावलेलं वॉर्डरोब, लोखंडी कपाट, फ्रिज, सेफ्टी डोअर, माशांची मोठी टाकी. आरशामागचा मुलामा धातूचा असतो, आणि पाणी लहर पिऊन टाकतं. एका घरी टीव्हीवरचं चित्र फक्त संध्याकाळी तुटायचं. संध्याकाळी कपाटाचं आरशाचं सरकतं दार उघडून ठेवलं जायचं आणि ते नेमकं राउटरच्या आड यायचं, हे लक्षात यायला मला दोन फेऱ्या लागल्या.

तेव्हा खोक्यावरची "३० मीटर", "५० मीटर" ही अंतरं मोकळ्या मैदानातली समजा. घेण्याआधी स्वस्त चाचणी अशी: फोन टीव्हीच्या अगदी मागे धरा, ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडा आणि वेग मोजा. दारं बंद करून एकदा, उघडी ठेवून एकदा. दोन्हींत मोठा फरक पडला तर सिग्नल भिंतीतून जात नाहीये, दारातून वळसा घालून येतोय.

७. राउटर कुठे ठेवावा? २.४ की ५ गिगाहर्ट्झ?

व्हिडिओसाठी ५. इमारतीतल्या सगळ्या शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह २.४ वर गर्दी करून असतात. २.४ लांब जातं खरं, पण सीएसटीच्या संध्याकाळच्या लोकलसारखं, आत शिरायला जागा नसते.

फायबरवाला राउटर दाराजवळ, बुटांच्या कपाटावर ठेवून जातो, कारण त्याची वायर तिथे संपते. त्याला टीव्हीच्या खोलीपर्यंत वायर ओढायला लावा, तेव्हाच सांगितलं तर काम पाच मिनिटांचं असतं. राउटर टीव्हीच्या मागे मात्र नको, पडद्याचा धातूचा पत्रा आड येतो.

चॅनेल निवडता येत असेल तर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ घ्या. ५ गिगाहर्ट्झच्या मधल्या काही चॅनेलांवर रडारही असतात. रडारची चाहूल लागली की बरेच राउटर ती जागा सोडून दुसरीकडे जातात, आणि तेवढ्यात तुमचा सिनेमा थांबतो.

८. टीव्हीला नेटची वायर लावली तर वेग कमी झाला! उलटं कसं काय?

हे खरंच होतं. बहुतेक टीव्हींतलं लॅनचं सॉकेट, महागड्या टीव्हींतलंसुद्धा, १०० मेगाबिटचंच असतं. त्याच टीव्हीचं ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय दोनशे-तीनशे देऊ शकतं. पण ऑनलाइन सिनेमाला १५-२५ मेगाबिट पुरतात, तेव्हा १०० ची न तुटणारी वायर ३०० च्या तुटणाऱ्या वाय-फायपेक्षा चांगली. अपवाद एकच: ज्यांनी ४के ब्लू-रेच्या मूळ दर्जाच्या फाइली घरच्या सर्व्हरवर ठेवल्यात त्यांचा. तो दर १२८ मेगाबिटपर्यंत चढू शकतो आणि तिथे १०० चं सॉकेट अडखळतं. त्यांनी वाय-फाय वापरावं किंवा गिगाबिट सॉकेटचा वेगळा प्लेअर घ्यावा.

९. नेटफ्लिक्स मिरर केलं की आवाज येतो, पण चित्र काळं. डोंगल खराब आहे का?

डोंगल ठीक आहे. चोरी होऊ नये म्हणून ही ॲप पडदा बाहेर पाठवायला मुद्दाम नकार देतात. अशा ॲपसाठी मिररिंगचा नाद सोडा आणि टीव्हीतलं किंवा स्टिकमधलं त्यांचंच ॲप वापरा. आयफोनवाल्यांसाठी: नेटफ्लिक्सनं एअरप्लेला, म्हणजे ॲपलच्या टीव्हीवर चित्र पाठवण्याच्या सोयीला, २०१९ मध्येच रजा दिली आहे, त्यामुळे तिथेही हाच रस्ता.

१०. घरात आयफोन, अँड्रॉइड, विंडोज लॅपटॉप आणि मॅक असं सगळं आहे. सगळ्यांना चालेल असं काय?

प्रत्येकाची भाषा वेगळी आहे. ॲपलचं एअरप्ले. विंडोजचं आणि अनेक अँड्रॉइड फोनांचं मिराकास्ट, जे २०१२ मध्ये आलं. गूगलचं कास्ट, जे २०१३ च्या क्रोमकास्टबरोबर आलं. ॲपलच्या कुठल्याही यंत्राला मिराकास्ट येत नाही. विंडोज लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि के एकत्र दाबलं की जवळपासचे पडदे दिसतात. मॅकवर ती सोय एअरप्लेची. गूगल कास्ट मात्र बहुतेकांच्या क्रोम ब्राउझरमधून चालतं.

टीव्ही घेताना एअरप्ले २ आणि गूगल कास्ट या दोन्ही खुणा असलेला घेतला की घरातली भांडणं मिटतात. गूगलनं २०२४ मध्ये क्रोमकास्टचं उत्पादन थांबवलं, त्यामुळे दुकानात ते शोधत फिरू नका. कास्टची सोय आता गूगल टीव्ही असलेल्या टीव्हींत आणि स्टिकांत येते.

११. फोनमध्ये कास्टचं चिन्हच दिसत नाही. काल दिसत होतं.

या क्रमानं बघा. फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर आहेत का? फोन चुकून मोबाइल डेटावर गेलाय का? व्हीपीएन चालू आहे का? पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर तर नाही ना? तिथे एक यंत्र दुसऱ्याला बघू शकत नाही, ते तसंच बनवलेलं असतं. आयफोनवर त्या ॲपला "लोकल नेटवर्क"ची परवानगी दिली आहे का? सगळं ठीक असेल तर राउटर बंद करून चालू करा. हसू नका, बहुतेक वेळा एवढ्यानंच भागतं.

हॉटेलात आणि होस्टेलवर कास्ट चालत नाही याचंही कारण गेस्ट नेटवर्कसारखंच आहे.

१२. इंटरनेट बंद असताना काय काय चालेल?

वायरलेस एचडीएमआय चालेल. मिराकास्ट चालेल, कारण फोन आणि टीव्ही एकमेकांशी थेट बोलतात. पेनड्राइव्ह अर्थातच चालेल. घरच्या कॉम्प्युटरवरच्या फाइली राउटर चालू असेल तर टीव्हीवर दिसतील, इंटरनेट नसलं तरी. यूट्यूब-नेटफ्लिक्सचं कास्ट चालणार नाही. वीज गेल्यावर टीव्ही इन्व्हर्टरवर असतो आणि राउटर नसतो, असं गावाकडच्या पुष्कळ घरांत पाहिलंय. राउटरचं सॉकेटही इन्व्हर्टरवर घ्या, तो खातो फार थोडं.

१३. ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. किंवा उलट. काय करू?

आधी कोण मागे आहे ते ओळखा, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

नदीकाठी धोबी दगडावर कपडा आपटताना लांबून आधी दिसतो आणि आवाज मग येतो. आपल्या कानांना त्याची जन्मापासून सवय आहे. म्हणून आवाज थोडा मागे असला तर चालतो, पुढे असला की लगेच खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतले आकडे हेच सांगतात: आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की जाणवू लागतो, मागे मात्र सुमारे १२५ पर्यंत कळत नाही.

आवाज पुढे, चित्र मागे: प्लेअरमधून ॲम्प्लिफायर आणि तिथून वायरलेसनं प्रोजेक्टर, अशा मांडणीत हे होतं. चित्राला हवेतून जाताना वेळ लागतो, आवाज मात्र वायरीनं लगेच पोचतो. ॲम्प्लिफायरच्या मेनूत "लिप सिंक" किंवा "ऑडिओ डिले" नावाची सोय असते. बातम्यांचं चॅनेल लावा, निवेदिकेच्या ओठांकडे बघा आणि १० मिलिसेकंदांनी वाढवत न्या. "प", "ब", "म" ही ओठ मिटणारी अक्षरं पकडली की जुळणी चटकन होते.

आवाज मागे, चित्र पुढे: यात बहुधा ब्लूटूथ दोषी असतं. टीव्हीचा आवाज ब्लूटूथनं साउंडबारला पाठवला की दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. आवाज उशिरा पाठवता येतो, लवकर पाठवता येत नाही, त्यामुळे इथे मेनूत खेळून फार हाती लागत नाही. टीव्ही आणि साउंडबार शेजारीशेजारीच असतात. एचडीएमआयच्या एआरसी लिहिलेल्या, म्हणजे टीव्हीचा आवाज उलटा बाहेर देणाऱ्या सॉकेटात एक मीटरची वायर लावा आणि विषय संपवा.

१४. सेट-टॉप बॉक्स हॉलमध्ये, दुसरा टीव्ही आईबाबांच्या खोलीत. दुसरं कनेक्शन न घेता जमेल?

जमेल. वायरलेस एचडीएमआयचा हाच खरा उपयोग. असा संच घ्या ज्याच्या पाठवणाऱ्या डब्यावर टीव्हीसाठी वेगळं एचडीएमआय सॉकेट आहे, म्हणजे हॉलचा टीव्हीही चालू राहतो. दुसरं, संचात रिमोटचा इशारा उलटा नेणारी आयआर वायर असली पाहिजे. नाहीतर चॅनेल बदलायला बाबांना दर वेळी हॉलमध्ये यावं लागेल.

दोन्ही टीव्हींवर एकच चॅनेल दिसेल, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. संध्याकाळी सातला हॉलमध्ये मालिका आणि खोलीत मॅच असा प्रकार असेल तर हा खर्च वाया गेला समजा. त्यापेक्षा त्या टीव्हीला स्टिक द्या.

१५. प्रोजेक्टर छताला, ॲम्प्लिफायर समोरच्या भिंतीला. मध्ये ९ मीटर. वायरलेस करू का?

घराचं काम किंवा रंग व्हायचा असेल तर नका करू. आत्ताच पाइप टाकून घ्या.

साधी तांब्याची एचडीएमआय केबल ४के ६० हर्ट्झला पाच मीटरपुढे भरवशाची राहत नाही. त्यापुढे फायबरची ॲक्टिव्ह ऑप्टिकल केबल वापरा, ती वीस-तीस मीटर आरामात जाते. पाइप टाकताना इलेक्ट्रिशियन सवयीनं लाइटचा एक इंची टाकतो. एचडीएमआयचं धातूचं टोक १४ मिलिमीटर रुंद असतं, वरचं प्लास्टिक धरून आणखी, आणि काटकोनी बेंडमध्ये ते हमखास अडकतं. ४० मिलिमीटरचा पाइप, लांब वळणाचे बेंड आणि आत ओढायला नायलॉनची दोरी सोडून ठेवा. काटकोनात दुमडलं की फायबर तुटतं.

या केबलला दिशा असते. एका टोकावर सोर्स, दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. एकदा मी बारा मीटरची केबल छतातून उलटी ओढली, वर पीओपीवाल्यानं खिडकी बुजवून टाकली, आणि मग पडद्यावर काहीच येईना. तेव्हापासून ओढायच्या आधी जमिनीवर पसरून, दोन्ही टोकं लावून, चित्र बघितल्याशिवाय केबलला हात लावत नाही.

घर पूर्ण झालंय आणि फोडायचं नाही, तर दोन वाटा. प्लेअर किंवा स्टिक प्रोजेक्टरलाच लावायची, पण मग आवाज ॲम्प्लिफायरकडे परत आणायचा प्रश्न येतो. वायरलेस एचडीएमआय संच एआरसीचा आवाज सहसा उलटा नेत नाहीत. किंवा सगळी यंत्रं ॲम्प्लिफायरला लावायची आणि फक्त चित्र वायरलेसनं प्रोजेक्टरकडे पाठवायचं. दुसरी वाट चांगली, लिप सिंकचं प्रश्न १३ प्रमाणे जुळवून घ्या. प्रोजेक्टरला पॉवरची वायर तरीही लागतेच. ती जिथून नेणार, त्याच्या शेजारून पांढऱ्या केसिंग पट्टीत एचडीएमआयही जाईल का, हे एकदा बघा.

१६. वायरलेस संच लावल्यावर ४के प्लेअर १०८० वरच अडकतो, किंवा "एचडीसीपी" असं काहीतरी लिहून येतं.

एचडीसीपी म्हणजे दोन यंत्रांमधला ओळखीचा करार. ४केच्या सिनेमांना हा करार २.२ आवृत्तीचा लागतो. साखळीतला प्रत्येक दुवा, म्हणजे प्लेअर, ॲम्प्लिफायर, वायरलेस संच आणि पडदा, २.२ चा पाहिजे. एक जरी १.४ चा निघाला तरी चित्र १०८० वर उतरतं किंवा बंद होतं. टीव्हीच्या मागचं वेगळं सॉकेटही वापरून बघा, काही टीव्हींत सगळी सॉकेटं सारखी नसतात.

१७. प्लेस्टेशन वायरलेसवर चालेल का?

चालेल, पण हराल. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद. दाबून पाठवणारे संच शंभरेक मिलिसेकंद घेतात, म्हणजे तुम्ही सहा चित्रांपूर्वीचं जग बघत असता. बुद्धिबळ खेळा, फुटबॉल नको.

१८. मॅच बघताना शेजारी आधी ओरडतात, मग आमच्याकडे विकेट पडते. वाय-फाय सुधारलं तर जाईल?

नाही. तो उशीर ॲपच्या सर्व्हरपासूनच आलेला असतो. स्ट्रीमिंग व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी येतो आणि काही तुकडे साठवून मगच दाखवतो. त्यात काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत वेळ जाऊ शकतो. केबल किंवा डिश बरीच पुढे असते. फायनलच्या दिवशी सेट-टॉप बॉक्स लावा किंवा खिडक्या बंद करा.

१९. भावानं अमेरिकेतून ६० गिगाहर्ट्झचा संच आणतो म्हटलंय. आणू दे का?

तंत्र उत्तम आहे. तिथे पट्टा इतका रुंद असतो की जवळजवळ न दाबलेलं चित्र पाठवता येतं आणि उशीर नगण्य राहतो. एलजीनं २०२३ मध्ये दाखवलेला ९७ इंची वायरलेस ओलेड टीव्ही याच पट्ट्यावर वेगळ्या डब्यातून ४के १२० हर्ट्झ घेतो, दहा मीटरपर्यंत. पण या लहरीची लांबी जेमतेम पाच मिलिमीटर, त्यामुळे भिंत पार होत नाही आणि मध्ये माणूस उभा राहिला तरी चित्र अडखळू शकतं. एका खोलीत, समोरासमोर, एवढ्यापुरतंच ते आहे.

आता कायदा. भारतात ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये परवान्याशिवाय वापरायला खुला झाला. ६० गिगाहर्ट्झ खुलं करण्यावर मात्र वर्षानुवर्षं चर्चाच चालली आहे. रेडिओ लहरी सोडणाऱ्या साधनाला इथे दूरसंचार विभागाची ईटीए मान्यता लागते, आणि परदेशी बाजारासाठी बनलेल्या पेटीला ती असेलच असं नाही. वॉरंटीही सहसा इथे चालत नाही. मी असतो तर भावाला दुसरं काहीतरी आणायला सांगितलं असतं.

२०. परवा आमच्या टीव्हीवर अचानक कुणाचा तरी वाढदिवसाचा व्हिडिओ लागला!

शेजाऱ्यानं चुकून तुमचा टीव्ही निवडला. मिराकास्टला, आणि काही वेळा एअरप्लेलाही, एकच वाय-फाय असण्याची गरज नसते, भिंतीपलीकडूनही टीव्ही यादीत दिसू शकतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जोडणीपूर्वी पिन किंवा परवानगी विचारण्याची सोय चालू करा. टीव्हीचं नाव कंपनीच्या मॉडेल क्रमांकाऐवजी "जोशी हॉल" असं काही ठेवा, म्हणजे पूर्ण इमारतीत सारख्या नावाचे पाच टीव्ही दिसणार नाहीत.

२१. सोसायटीच्या गणपतीत मैदानात पडदा लावतो. लॅपटॉप मंडपात, प्रोजेक्टर २० मीटरवर. वायरलेस बरं पडेल ना? वायरीत लोक अडखळतात.

दुपारी रिकाम्या मैदानात चाचणी घ्याल, सुरेख चालेल. रात्री दोनशे माणसं मध्ये बसली की तुटायला लागेल. माणसाच्या अंगात बहुतांश पाणीच, आणि पाणी लहरीचं काय करतं ते प्रश्न ६ मध्ये आलंय. शिवाय प्रत्येकाच्या खिशात फोन. वायरलेसच करायचं तर दोन्ही डबे डोक्यांच्या वर, आठ-नऊ फुटांवर बांबूला बांधा. त्याहून सोपं म्हणजे लॅपटॉप प्रोजेक्टरपाशी न्या आणि मंडपापर्यंत फक्त आवाजाची वायर ओढा. साउंडवाल्याकडे ती शंभर फुटांची असतेच.

२२. भाड्याचं घर आहे, मालक खिळाही ठोकू देत नाहीत.

मग तुम्ही वायरलेसचे खरे गिऱ्हाईक. तरी आधी स्टिक, आणि तिला ५ गिगाहर्ट्झ मिळेल अशा जागी राउटर. संच घ्यायचाच असेल तर परत करण्याची मुदत किती दिवसांची ते विचारून घ्या आणि त्या मुदतीत रात्री नऊ ते अकरा तपासा, कारण इमारतीतले सगळे राउटर तेव्हाच कामाला लागलेले असतात. खोकं, थर्माकोल आणि बिल तोपर्यंत फेकू नका.